चेक इंजिनचा दिवा लागला: सेन्सर विकत घेण्याआधी घरी काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: २०१७ सालची पेट्रोल हॅचबॅक, नंतर बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवलेलं. पावसाळा सुरू झाल्यावर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. गाडी चालते, पण चढाला आणि ओव्हरटेक करताना झटके खाते. गॅरेजमध्ये स्कॅनर लावून ‘मिक्श्चर लीन दाखवतंय, ऑक्सिजन सेन्सर बदलावा लागेल’ असं सांगितलं (लीन म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी). बॅटरीची वायर काढून लावली की दिवा जातो आणि दोन-तीन दिवसांत परत येतो. घरच्या घरी काही बघता येईल का?

येईल, आणि बरंच बघता येईल. पहिली गोष्ट म्हणजे तो सेन्सर आत्ता घेऊ नका. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांत लोड पडला की झटके, पावसाळा आणि सीएनजी या तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. माझ्या हाताखालून गेलेल्या अशा गाड्यांत दोष बहुतेक वेळा इग्निशनच्या बाजूला, म्हणजे ठिणगी पाडणारे प्लग, त्यांना व्होल्टेज देणारी कॉइल किंवा त्यांच्या वायरिंगमध्ये निघाला आहे. ऑक्सिजन सेन्सर खराब होतच नाही असं नाही. पण तो खराब झाला की गाडी ॲव्हरेज कमी देते, कधी काळपट धूर सोडते. चढावर कोणी मागून ओढून धरल्यासारखे झटके तो सहसा देत नाही.

आधी दिव्याकडं नीट बघा. तो स्थिर पेटलेला असेल तर घाबरायचं कारण नाही, गाडी सावकाश चालवत घरी नेता येते. तो उघडझाप करत असेल तर गोष्ट वेगळी. उघडझाप म्हणजे एखादं सिलिंडर इतकं मिसिंग करतंय (त्यातलं इंधन पेटतच नाहीये) की न जळलेलं इंधन सायलेन्सरमधल्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत पोचतंय. ते तिथे जाऊन जळतं, कन्व्हर्टर तापून आतली सिरॅमिकची जाळी वितळते, आणि पाचशे-हजारांचं काम काही दहा हजारांवर जातं. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडा, शक्य तितक्या लवकर बाजूला घ्या. आणि लाल रंगाचा ऑइलचा किंवा तापमानाचा दिवा सोबत लागला असेल तर हे सगळं बाजूला ठेवून इंजिन तिथल्या तिथे बंद करा. त्या दिव्यांबाबत ‘घरापर्यंत जाऊ’ हा हिशोब चालत नाही.

आता साधन. भारतात १ एप्रिल २०१३ पासून नव्या चारचाकींना ओबीडी-२ (गाडीनं स्वतःचे दोष नोंदवण्याची पद्धत) आहे, त्यामुळे तुमच्या २०१७ च्या गाडीत स्टिअरिंगच्या खाली, क्लचच्या वरच्या अंगाला कुठेतरी सोळा पिनांचं सॉकेट असणारच. काही गाड्यांत ते फ्यूज बॉक्सच्या झाकणामागे असतं. त्यात लावायचा ईएलएम३२७ जातीचा ब्लूटूथ अडॅप्टर पाचशे ते दोन हजारांत मिळतो. मूळ चिप कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची; बाजारात मिळतात त्या बहुतेक तिच्या नकला. अगदी स्वस्तातल्या अडॅप्टरचा फोनशी संपर्क मध्येच तुटतो, नाहीतर ते लाइव्ह डेटा रखडत दाखवतात. त्यामुळे थोडा बरा घ्या. आयफोन असेल तर वायफायचा किंवा ब्लूटूथ लो एनर्जीचा लागेल, साधा ब्लूटूथ जुळणार नाही. फोनवर टॉर्क किंवा कार स्कॅनर यांपैकी एखादं ॲप पुरेसं आहे. काम झालं की अडॅप्टर काढून ठेवा, कारण त्या सॉकेटच्या सोळाव्या पिनला बॅटरीचा करंट कायम चालू असतो आणि गाडी आठवडाभर उभी राहिली तर सकाळी स्टार्टर नुसता टकटक करतो. याशिवाय एक साधा मल्टिमीटर, टॉर्च आणि प्लगचा पाना. एवढ्यात नव्वद टक्के काम होतं.

स्कॅनर लावल्यावर लगेच ‘क्लिअर’ दाबायचा मोह होतो, तो आवरा. कोडबरोबर, म्हणजे दोषाच्या क्रमांकाबरोबर, ईसीयूनं (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरनं) फ्रीझ फ्रेम साठवलेली असते: दोष नोंदवला त्या क्षणी आरपीएम किती, वेग किती, कूलंट किती गरम, इंजिनवर लोड किती. ही फ्रेम म्हणजे सगळ्या तपासाचा पाया, आणि कोड पुसला की ती पण जाते. बॅटरीची वायर काढून तुम्ही दरवेळी नेमकं हेच केलंत. शिवाय ईसीयूनं शिकून ठेवलेलं इंधनाचं गणितही त्यात पुसलं जातं, म्हणून दोन-तीन दिवस गाडी बरी वाटते आणि गणित परत बिघडलं की दिवा लागतो. आता दिवा लागेल तेव्हा स्टोअर्ड (पक्के नोंदलेले) आणि पेंडिंग (अजून पक्के न झालेले) अशा दोन्ही कोडचे आणि फ्रीझ फ्रेमचे स्क्रीनशॉट काढा, मगच पुढचं.

गॅरेजवाल्यानं ‘लीन’ म्हटलं म्हणजे कोड पी०१७१ असणार. सोबत मिसिंगचे कोड, म्हणजे पी०३०० किंवा पी०३०१ ते पी०३०४ यांपैकी काही होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि माझ्या मते सगळी मेख तिथंच आहे. ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल किंवा गॅस मोजत नाही. तो फक्त धुरात ऑक्सिजन किती उरला तेवढं सांगतो. एका सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही की त्यातली हवा आणि इंधन दोन्ही न जळता सायलेन्सरकडं जातात. ते इंधन सेन्सरला दिसत नाही, ऑक्सिजन मात्र दिसतो. तो म्हणतो ‘हवा जास्त झाली’. ईसीयू त्याचं ऐकून चारही सिलिंडरांचं इंधन वाढवतो. वाढवून वाढवून मर्यादा संपली की पी०१७१ नोंदवतो. यात सेन्सर काहीच खोटं बोललेला नाही. तो बदलला तर नवा सेन्सरही तेच सांगणार, फक्त खिशातले काही हजार गेलेले असतील. म्हणून मिसिंगचा कोड आणि लीनचा कोड एकत्र असतील तर कायम मिसिंगच्या मागं आधी जायचं.

मिसिंग शोधायला जगातली सगळ्यात स्वस्त परीक्षा म्हणजे अदलाबदल. समजा पी०३०२ आला. शेवटचा आकडा सिलिंडरचा. टायमिंग चेनच्या किंवा बेल्टच्या बाजूचं ते एक नंबर, हे बहुतेक आडव्या बसवलेल्या इंजिनांत खरं ठरतं. इंजिन गार झाल्यावर, चावी काढून, दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावा. वायरीच्या कपलरचा खटका दाबूनच उपसा. सात-आठ वर्षांत ते प्लास्टिक वाळलेलं असतं, नुसतं ओढलं तर तुकडा हातात येतो आणि मग कपलर हलून तिसराच आजार सुरू होतो. कोड पुसा, ज्या रस्त्यावर झटके येतात त्याच रस्त्यावर गाडी चालवा. आता पी०३०३ आला तर कॉइल खराब, विषय संपला. कोड दोनवरच राहिला तर तसाच प्लग बदलून बघा. दोन्ही करूनही तो हटत नसेल तर इंधन फवारणारा इंजेक्टर, त्याची वायर किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) उरतं.

तुमच्या गाडीत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल नसून एकच कॉइल पॅक आणि हायटेन्शन वायरी असतील तर एक आणि चार जोडीनं, दोन आणि तीन जोडीनं ठिणगी घेतात. पी०३०१ आणि पी०३०४ एकदम आले तर पॅकचा अर्धा भाग गेला असं समजायला हरकत नाही.

कॉइल उपसलीच आहे तर प्लगच्या विहिरीत टॉर्च मारून बघा. पावसाळ्यात तिथं तीन गोष्टी सापडतात. पाणी, कारण बोनेटच्या वरच्या जाळीतून पाणी गळतं, नाहीतर वॉशिंग सेंटरवाल्यानं प्रेशर पंपानं इंजिन धुतलेलं असतं. (इंजिन प्रेशरनं धुऊन घेण्याची हौस कुठून येते कळत नाही. चमकतं दोन दिवस, त्रास वर्षभर.) दुसरं, ऑइल, टॅपेट कव्हरचं गॅस्केट कडक झालं की ते विहिरीत झिरपतं आणि कॉइलचा रबरी बूट फुगवतं. आणि तिसरं, जे बहुतेक लोकांच्या नजरेतून सुटतं: प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर वरून खाली गेलेली पेन्सिलनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ. ती पुसायला गेलात तर निघत नाही. ठिणगीनं टोकाला उडी मारण्याऐवजी बाहेरून इंजिनच्या बॉडीत जायची वाट काढली, तिचा तो माग. बुटाच्या आतल्या बाजूला अगदी त्याच जागी तशीच रेघ सापडते. असा प्लग नुसता बदलून भागत नाही, बूटही बदलावा लागतो. तो नाही बदलला तर नव्या प्लगवर काही दिवसांत तीच रेघ उमटते. बऱ्याच कॉइलचा बूट सुटा मिळतो, आख्खी कॉइल घ्यायची गरज नसते.

रात्री अंधारात बोनेट उघडून, इंजिन चालू ठेवून, हात न लावता दोन मिनिटं बघत उभं राहा. दमट हवेत गळकी कॉइल किंवा वायर असेल तर निळसर चमक स्वतःच दिसते, आवाजही येतो.

आता सीएनजी. गॅसच्या मिश्रणात ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. पेट्रोलवर जो प्लग अजून वर्षभर चालला असता तो सीएनजीवर मिसिंग करायला लागतो, आणि ते मिसिंग लोड पडल्यावर, म्हणजे चढाला आणि ओव्हरटेकला दिसतं. तुमचं लक्षण शब्दशः हेच आहे. प्लग झिजला की टोकांमधलं अंतर वाढतं. साध्या निकेलच्या प्लगमध्ये सीएनजीसाठी ते ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवतात. इरिडियमच्या प्लगचं बारीक टोक मात्र ठोकून-वाकवून अंतर जुळवायला जाऊ नका, ते मोडतं. नवा प्लग बसवताना आधी हातानं आटे लावा आणि शेवटी पान्यानं आवळा. इंजिन गरम असताना हे काम करायचं नाही, ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे सोलले गेले तर मग खरंच रडायची वेळ येते.

सीएनजीची गाडी असण्याचा एक मोठा फायदा तपासात आहे, तो वापरा. एक दिवस गाडी फक्त पेट्रोलवर चालवा, दुसऱ्या दिवशी फक्त गॅसवर, रस्ता तोच. झटके दोन्हींवर असतील तर दोष दोन्ही इंधनांच्या सामाईक भागात: प्लग, कॉइल, वायरिंग, हवेची गळती. गॅसवर झटके आणि पेट्रोलवर मलईसारखी चाल असेल तर एकतर प्लग कमजोर होत चाललेत, किंवा गॅसचा फिल्टर तुंबलाय, रिड्यूसरचं (गॅसचं प्रेशर उतरवणाऱ्या भागाचं) प्रेशर कमी पडतंय किंवा गॅसचे इंजेक्टर चिकटतायत. उलट गॅसवर छान आणि पेट्रोलवर झटके असं झालं तर पेट्रोल पंप किंवा पेट्रोलचे इंजेक्टर बघा. वर्षभर गॅसवर पळवून पेट्रोलची टाकी रिकामी ठेवणाऱ्यांच्या गाड्यांत हा प्रकार हमखास दिसतो.

बाहेरून बसवलेल्या किटबाबत आणखी एक समजून घ्या. गॅस किती सोडायचा ते शेवटी पेट्रोलचाच ईसीयू ठरवत असतो. किटचा ईसीयू पेट्रोल इंजेक्टरला जाणारा इशारा पकडतो आणि त्याचं गॅसच्या इंजेक्टरसाठी भाषांतर करतो. हे भाषांतर, ज्याला किटवाले मॅपिंग म्हणतात, पंधरा टक्के कमी पडत असेल तर पेट्रोलचा ईसीयू पंधरा टक्के भर टाकतो आणि ती सवय पेट्रोलवरही कायम ठेवतो. मग कोड ‘इंजिनचा’ येतो आणि दोष किटचा असतो. हे आकडे तुम्ही स्वतः बघू शकता.

ॲपच्या लाइव्ह डेटात शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम अशा दोन ओळी असतात. ईसीयू ठरलेल्या हिशोबापेक्षा किती टक्के इंधन जास्त किंवा कमी देतोय ते त्यात दिसतं. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर दोन्हींची बेरीज उणे दहा ते अधिक दहाच्या आत असेल तर ठीक. आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) अधिक वीस आणि रेस करून २५०० आरपीएमला धरलं की अधिक पाच, असं दिसलं तर इनटेकमधून चोरून हवा शिरतेय: तडकलेला रबरी होज, ब्रेक बूस्टरचा पाइप, मॅनिफोल्डचं (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट. आयडलवर ठीक आणि लोडवर आकडा चढत गेला तर इंधन पुरत नाहीये. आणि गॅसवर अधिक अठरा, पेट्रोलवर घेतल्यावर थोड्या वेळात हळूहळू शून्याकडं, असं झालं तर किटवाल्याकडं जा आणि ते दोन स्क्रीनशॉट दाखवा. ऑक्सिजन सेन्सरचं नाव काढायचीही गरज पडणार नाही.

इथं एक खाच आहे, ती व्हिडिओ बघून शिकलेल्यांना माहीत नसते. हवेच्या गळतीचा हा नियम हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असलेल्या गाड्यांना चपखल बसतो. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत एमएएफ नसून मॅनिफोल्डचं प्रेशर मोजणारा एमएपी सेन्सर असतो. तिथं गळतीनं आत आलेली हवाही प्रेशरमध्ये मोजली जाते, म्हणून ट्रिम फारसा हलत नाही. त्याऐवजी आयडलचे आरपीएम चढतात किंवा वरखाली होतात. तुमच्या गाडीत कोणता आहे ते लाइव्ह डेटाच्या यादीतच कळेल.

त्याच व्हिडिओंमधला ‘पेट्रोलचं झाकण घट्ट लावा, दिवा जाईल’ हा सल्लाही इथं जवळपास निरुपयोगी. अमेरिकेतल्या नियमांप्रमाणे तिथल्या गाड्या टाकीतून वाफ गळते का हे तपासतात. आपले नियम युरोपच्या वळणाचे, त्यामुळे इथल्या बहुतेक गाड्या ही गळतीची चाचणी करतच नाहीत.

ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळं दिवा लागतो का, असं हल्ली प्रत्येक जण विचारतो. एकट्या त्यानं सहसा नाही. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून शुद्ध पेट्रोलच्या मानानं ई२० सात-आठ टक्के जास्त सोडावं लागतं. ईसीयू तेवढी भर आरामात टाकतो. पण आधीच इंजेक्टर तुंबून किंवा सेन्सर मळून ट्रिम अधिक बाराला पोचलेल्या जुन्या गाडीत ही शेवटची भर मर्यादा ओलांडायला पुरते. अशा गाडीत दोष मूळ मळाचा असतो.

आता उंदीर. हसू नका. पावसाळ्यात कोरडी आणि उबदार जागा म्हणून ते बोनेटखाली येतात, आणि जून ते सप्टेंबर माझ्याकडं आलेल्या चेक इंजिनच्या गाड्यांत निम्म्या तरी उंदरांनी पाठवलेल्या असतात. तुटलेली वायर शोधणं सोपं. अर्धी कुरतडलेली अवघड. एका गाडीत आधीच्या गॅरेजमध्ये नवा ऑक्सिजन सेन्सर टाकूनही कोड येत राहिला होता. सेन्सरच्या वायरवरचं काळं नळीसारखं आवरण फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळ) वरून अगदी साबूत होतं. खालून, बॅटरी ट्रेच्या बाजूनं, नखाएवढा भाग खाल्लेला. आत चार वायरींपैकी एकीची एकच तार धरून होती, तीही हिरवी पडलेली. गाडी उभी असताना मल्टिमीटर ‘कंटिन्युइटी आहे’ म्हणून पी वाजवत होता, खड्ड्यात गेली की तुटत होती. म्हणून वायर तपासताना नुसतं मोजू नका. हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवत मोजा, आणि बोट सगळीकडून, खालूनही फिरवा. लेंड्या, सुकलेली पानं, चिंध्या दिसल्या की तिथंच आसपास शोधा.

वायर जोडायची तर सोल्डर करून वर हीट श्रिंक नळी लावा. पिळून काळी टेप गुंडाळलेला जोड पुढच्या पावसाळ्यात परत तुमच्याकडं येतो. ऑक्सिजन सेन्सरच्या स्वतःच्या वायरी याला अपवाद. बऱ्याच सेन्सरांना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरच्या आतूनच मिळते, सोल्डर केलं की ती वाट बुजते. तिथं चांगला क्रिम्प जोड करा. त्याच्या कपलरमध्ये ग्रीसही भरू नका. बाकीच्या कपलरना कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, हिरवी बुरशी टूथब्रशनं काढा, वाळू द्या.

ऑक्सिजन सेन्सर खरंच गेलाय का हे तपासायचं असेल तर दोन वाटा. कोड पी०१३५ किंवा पी०१४१ असेल तर तो सेन्सरच्या आतल्या हीटरचा आहे. आधी फ्यूज बघा, मग सेन्सर गार असताना सारख्या रंगाच्या दोन वायरींमध्ये रेझिस्टन्स मोजा. साधारण तीन ते पंधरा ओहम यायला हवा, अनंत आला तर हीटर तुटलेला, सेन्सर बदला. दुसरी वाट लाइव्ह डेटाची: इंजिनजवळचा जुन्या पद्धतीचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली करतो. तो एका जागी अडकलाय असं वाटलं तर गाडी उभी असताना ॲक्सिलरेटर झटकन दाबून सोडा. दाबल्यावर आकडा चढला आणि सोडल्यावर खाली आला तर सेन्सर जिवंत आहे. नव्या बीएस ६ गाड्यांपैकी अनेकांत पुढचा सेन्सर वाइडबँड (मिश्रणाचं प्रमाण थेट मोजणारा) असतो, तो असा नाचत नाही. त्याला या मापानं मेलेला ठरवू नका. कन्व्हर्टरनंतरचा सेन्सर मात्र ०.६ ते ०.७ व्होल्टला स्थिर असलेलाच बरा. तोही पुढच्यासारखा नाचायला लागला आणि पी०४२० आला, तर कन्व्हर्टर थकल्याची शक्यता आहे. पण त्याआधी मिसिंग आणि मॅनिफोल्डजवळची धुराची गळती निकालात काढा.

बाकीचे सेन्सर पारखायची एक छान घरगुती वेळ म्हणजे सकाळ. रात्रभर उभ्या गाडीला, स्टार्ट न करता, चावी ऑन करून कूलंटचं आणि इनटेक हवेचं तापमान बघा. दोन्ही आकडे जवळपास सारखे आणि बाहेरच्या हवेइतके हवेत. पुण्यात ऑगस्टच्या सकाळी कूलंट उणे ४० दाखवत असेल तर ती वायर तुटली किंवा कपलर सुटलाय, सेन्सरपर्यंत निरोपच जात नाहीये. त्याच वेळी बॅटरी मोजा. उभ्या गाडीत १२.४ ते १२.६ व्होल्ट, स्टार्ट मारताना ९.६ च्या खाली नको, चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. बॅटरी मेली असेल तर एकमेकांशी काही संबंध नसलेले पाच-सहा कोड एकदम येतात आणि माणूस भलत्याच मागं लागतो. अर्थिंगची वायर इंजिनला जिथं बोल्टनं लावलीय तो बोल्टही खोलून घासून परत आवळा, दहा मिनिटांचं काम आहे.

थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारा भाग) साफ करायची तर इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप चावी ऑन असताना बोटानं ढकलू नका, आतले गिअर तुटतात. साफ केल्यावर आयडल थोडा वेळ चढलेला राहतो. काही गाड्यांना स्कॅनरनं आयडल रीसेट करावं लागतं.

डिझेलवाल्यांसाठी एवढंच: पी२४६३ म्हणजे डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) काजळी साचली. नुसत्या शहरातल्या फेऱ्यांनी ती साचते. डीपीएफचा दिवा नुकताच लागला असेल तर हायवेवर न थांबता वीसेक मिनिटं, आरपीएम दोन हजारांच्या वर ठेवून चालवा, बहुतेक वेळा जळून जाते. चेक इंजिनही लागलं आणि पॉवर कमी झाली, की मग ते घरचं काम राहत नाही.

घरी ज्याला हात लावायचा नाही त्या गोष्टीही सांगतो. सीएनजीचे हाय प्रेशर पाइप आणि जोड. टाकी पूर्ण भरलेली असताना तिथं २०० बारच्या आसपास प्रेशर असतं, ते अधिकृत किटवाल्यानंच उघडायचं. कॉमन रेल डिझेलचे इंजेक्टर पाइप. एअरबॅगचे पिवळे कपलर. हायब्रिडच्या नारिंगी केबल. आणि गॅसचा वास येत असेल तर स्कॅनर बाजूला ठेवा, सीएनजी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा.

दुरुस्ती झाली की कोड पुसा आणि गाडी नेहमीसारखी वापरा: गार स्टार्ट, थोडं शहर, थोडा मोकळा रस्ता, पेट्रोल आणि गॅस दोन्ही. चार दिवसांनी पेंडिंग कोड बघा. दोष परत येणार असेल तर दिवा लागण्याआधी तो तिथं दिसतो. कोड न पुसताही चालतं. दोष गेला असेल तर सलग तीन ड्रायव्हिंग सायकलनंतर (सुरू करून, चालवून, बंद करण्याच्या फेऱ्यांनंतर) दिवा आपोआप विझतो आणि नोंद साधारण चाळीस वॉर्म-अपनंतर, म्हणजे गार इंजिन तितक्या वेळा गरम झाल्यावर, पुसली जाते.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा. आधी पेट्रोल-गॅसची परीक्षा, मग कॉइल काढून विहिरी आणि प्लग बघणं, प्लग झिजलेले असतील तर चारही बदलणं, मग हार्नेसवर बोट फिरवणं. यानंतरही एकाच सिलिंडरचं मिसिंग राहिलं, आणि ते गरम इंजिनवर आयडलला जास्त जाणवत असेल, तर टॅपेटचं क्लिअरन्स (व्हॉल्व्हजवळची ठरलेली फट) आणि कॉम्प्रेशन तपासून घ्या. वर्षानुवर्षं सीएनजीवर चाललेल्या इंजिनांत व्हॉल्व्ह सीट झिजते, क्लिअरन्स कमी होत जातं आणि व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. ते काम गॅरेजचं आहे, पण तिथं जाताना ‘दिवा लागलाय, बघा’ असं सांगू नका. ‘दोन नंबरला मिसिंग आहे, कॉइल आणि प्लग बदलून पाहिले, जागा हलली नाही, कॉम्प्रेशन मोजून आकडे लिहून द्या’ असं सांगा. आणि तोवर काढलेले स्क्रीनशॉट इथं टाका, विशेषतः फ्रीझ फ्रेममधला लोड आणि कूलंटचं तापमान. त्यावरून पुढचं सांगता येईल.